अक्काने मोडलेला हात

अक्का गेल्याचं मला भोपाळला फोनवर कळलं, आणि तेही हिंदीतून. ग्वाल्हेरच्या घरात बाजूच्या दोन खोल्यांत भाड्याने राहणारी सीमा बोलत होती. "चाचीजी, ताईजी नहीं रहीं…" एवढं म्हणून ती थांबली, आणि मी काही विचारायच्या आत घाईघाईने म्हणाली, "खाना पूरा खाया था उन्होंने. दलिया भी, अंडा भी. कटोरी खुद धोई, फिर लेटीं." मरणाची बातमी देताना माणूस काय खाऊन गेलं हे सहसा कुणी सांगत नाही. सीमाला मात्र तेच आधी सांगावंसं वाटलं. अक्काने नव्वदी ओलांडली होती. तोंडात एकही दात नव्हता, पण हाता-पायांत ताकद होती.

दिवसकार्याला मी जाऊ शकले. शिंदे की छावनीतल्या त्या अंगणात सतरंजीवर बसलेली माणसं एकमेकांना सांगत होती, "किती शांत बाई होती." मी मान हलवत राहिले. पण तो शब्द मला गेले पाच आठवडे टोचतो आहे. अक्का माझी मोठी जाऊ. मी तिला समोर "अहो अक्का" म्हणत असे, मनात ती नेहमी "ए अक्का"च राहिली. तिच्याजवळ मी सात वर्षं राहिले, आणि मी तिला एका माणसाचा हात मोडताना पाहिलं आहे. तो माणूस तिचा नवरा होता, आणि ते घडलं माझ्यामुळे. आता ते दोघंही नाहीत, माझे यजमान नाहीत. मी गेले की सांगणारं कुणी उरणार नाही, म्हणून लिहिते आहे.

मी मूळची इंदूरची. संस्थानं विलीन होऊन मध्यभारत झाला त्याच सुमारास लग्न होऊन ग्वाल्हेरला आले. आमचे हे सचिवालयात कारकून. थोरले दीर संस्थानच्या घोडदळात रिसालदार. छावनीत सगळे त्यांना रिसालदारसाहेब म्हणत, घरात आम्ही दादा. आईवडील लवकर गेल्यामुळे ह्यांना दादांनीच वाढवलं, शिकवलं. त्यामुळे दादांसमोर ह्यांची मान वर होत नसे. अक्का ही दादांची दुसरी बायको, त्यांच्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान. मूलबाळ नाही. मी आले तेव्हा ती तिशीची असेल. उंच, सावळी, रुंद मनगटांची.

सासरच्या तिसऱ्याच दिवशी मी ताट उडताना पाहिलं. दादा जेवायला बसले होते, अक्का वाढत होती. काहीच बोलणं झालं नव्हतं. एकाएकी दादांनी भरलं ताट उचललं आणि तिच्या तोंडावर फेकलं. कड भुवईला लागली. रक्त आणि रस्सा एकत्र होऊन तिच्या हनुवटीवरून गळत होतं. दादा उठून बाहेर गेले. अक्काने पदर भुवईवर दाबला, दुसऱ्या हाताने फरशीवरची शितं गोळा करायला लागली आणि मला म्हणाली, "काय पाहून राहिली आहेस? पाणी आण." मी पाणी आणलं. त्या घरात मी पुढेही नेहमी एवढंच केलं… पाणी आणलं.

मारणं हे त्या घरात रोजचंच होतं, जसं पाणी भरणं रोजचं. कधी पट्टा, कधी हात, कधी जे हाताशी असेल ते. फौज विलीन झाली, वय झालेल्यांना पेन्शन देऊन घरी बसवलं, घोडी लिलावात गेली, आणि ज्या माणसाचा दिवस पहाटे घोड्याला खरारा करून सुरू व्हायचा तो दिवसभर अंगणात खाटेवर बसून राहायला लागला. मग मारणं वाढलं. पण सगळ्यात जास्त संताप जेवणाच्याच वेळेला का उसळतो, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

दादांना दात नव्हते. तरुणपणी घोड्याची लाथ बसून जबडा मोडला होता, डावीकडचे सगळे दात तेव्हाच गेले. जबडा जुळला तो वाकडा. उरलेले तंबाखूने किडले आणि नई सडकेवर बसणाऱ्या एका दात काढणाऱ्याकडून त्यांनी ते एकेक करून उपटवून घेतले. वाकड्या जबड्यावर कवळी बसेना. हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी बोलत नव्हतं, कारण दादा बोलू देत नव्हते. मिशा अशा वळवलेल्या असत की तोंडाची पोकळी दिसू नये. घरात मटण शिजलं की रिसालदारांना मोठे तुकडे वाढायचे, बाजरीची भाकरी कडक हवी, असाच रिवाज. कुणी मऊ भात पुढे केला तर ताट उडे. कडक भाकरी पुढे केली तरी उडे.

एका सकाळी ते अंगणातच कोसळले. पाय सुजलेले, हिरड्या काळ्यानिळ्या, दंडाची कातडी लोंबत होती. सरकारी इस्पितळातले एक डॉक्टर घरी आले. पोट तपासलं, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या, आणि अक्काला बाजूला घेऊन म्हणाले, "बीमारी कुछ नहीं है, बाई. ये आदमी भूखा है."

अक्काला हा अपमान वाटला. "माझ्या घरात उपाशी? दोन्ही वेळेला ताट रिकामं होतं ह्यांचं," ती मला तावातावाने म्हणाली. डॉक्टर काय म्हणाले होते ते मात्र तिने नीट ऐकून घेतलं होतं. नुसत्या चहात बुडवलेल्या पावावर आणि साबुदाण्याच्या खिरीवर पोट भरतं, पण अंग भरत नाही. मांस, अंडी, डाळी, पालेभाजी पोटात गेली पाहिजे, कशी ते तुम्ही बघा.

त्याच दुपारी ती दादांच्या खोलीत केर काढायला गेली आणि कोपऱ्यातल्या लांब बुटांवर मुंग्यांची रांग दिसली. घोडदळातले, गुडघ्यापर्यंत येणारे बूट. तिने एक बूट उचलून पालथा केला. आत मटणाचे चघळून चोथा झालेले तुकडे होते, भाकरीचे गोळे होते, काही वाळलेले, काही बुरशी आलेले. दुसऱ्या बुटातही तेच. पन्नाशी उलटून गेलेला माणूस, ज्याला फौजेतले पोरगे टरकून असायचे, तो घास तोंडात फिरवून, गिळता न आल्यामुळे रुमालात थुंकून, लपवत होता. अक्का बराच वेळ त्या बुटांपाशी बसून राहिली. मग तिने बूट धुतले, उन्हात वाळवले, तेल लावून परत कोपऱ्यात ठेवले. दादांना एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमचं स्वयंपाकघर बदललं. खिमा ती पाट्यावर लोण्यासारखा वाटायची, त्यात शिजलेली चण्याची डाळ घालून चपट्या टिकिया करायची आणि तुपावर नुसत्या शेकायची. दिसायला कबाब, जिभेने दाबला की विरघळणारा. बाजरीची भाकरी ती कुस्करून रश्श्यात अर्धा तास मुरवायची, वर लाल तर्री सोडायची, लिंबू पिळायची. मुगाच्या डाळीत बथुआ, म्हणजे आपला चाकवत, किंवा पालक इतका घोटायची की पान दिसायचं नाही. हजीऱ्याच्या बाजारातून अंडी यायची, ती दुधात फेटून वाफवायची, मिठाची आणि मिऱ्याची. थंडीत तिळाची गजक येई, चिक्कीसारखी कडक. दादांना ती फार आवडे, आणि कितीतरी वर्षांत त्यांनी तोंडात धरली नव्हती. अक्का ती लोखंडी खलबत्त्यात कुटून पीठ करायची आणि दलियावर पेरायची. मी एकदा म्हटलं, सगळं एकत्र कालवून दिलं तर लवकर होईल. ती चिडली. "लहान लेकराचा मऊ भात आहे का तो? वेगळ्या वाटीत वेगळी चव. तिखट ते तिखट. रिसालदारांचं ताट रिसालदारांसारखंच दिसलं पाहिजे."

पहिल्या दिवशी दादांनी ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मी स्वयंपाकघरात खांबाला धरून उभी होते, आता उडेल म्हणून. ताट उडालं नाही. ते जेवले. टिकिया चारही संपल्या.

दोन-अडीच महिन्यांत सूज उतरली, दंड भरले. दादा काठीशिवाय नई सडकेपर्यंत जाऊन येऊ लागले. ह्या सगळ्या काळात मारणं थांबलं होतं, आणि मला वाटलं होतं की ते कायमचं थांबलं. आता कळतं की आधी ते अशक्त होते म्हणून थांबलं होतं. अंगात रग परत आली तसा हातही परत आला. आधी एक थप्पड, पाणी कोमट का म्हणून. मग खांद्यावर पट्टा. अक्काच्या पाठीवरचा वळ मी तेलाने चोळत होते तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "जोर आलाय. पूर्वी एवढं लागत नव्हतं." मला वाटलं, आता ती खिमा वाटणं बंद करील. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाट्यावर बसलेली होती. मी काही विचारलं नाही, तरी म्हणाली, "उपाशी ठेवून जगवायचं, तर मग जगवायचं कशाला?"

आता माझा भाग. तेव्हा मध्यभारतची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असे. कचेऱ्या, फाइली, माणसं सगळी उठून जात. आमचे हेही गेलेले होते. मी रिकामी, बोलायला कुणी नाही. शेजारची तिवारीण चाची नळावर भेटायची. एकदा तिने विचारलं, रिसालदारसाहब अब कैसे हैं. आणि मी मोठ्या कौतुकाने सगळं सांगितलं. दात एकही नाही, पण अक्का काय काय करून खाऊ घालते, खिमा कसा वाटते, बुटात काय सापडलं… हो, बुटांचंही सांगितलं. चाची हसली. मीही हसले.

आठ दिवसही झाले नसतील. भर दुपारी दादा बाहेरून आले. चेहरा काळाठिक्कर. नई सडकेवर पानाच्या दुकानापाशी कुणीतरी त्यांना विचारलं होतं, "रिसालदारसाहब, सुना है भाभी चम्मच से खिलाती हैं? और बूट में क्या रखते हैं?" सगळे हसले होते. दादांनी खुंटीवरचा चाबूक काढला. अक्का स्वयंपाकघरात काहीतरी कुटत होती. तिचे केस धरून त्यांनी तिला अंगणात ओढलं आणि चाबकाची मूठ, पितळी टोपण असलेली, तिच्या तोंडावर घातली. मी दोन दात फरशीवर पडताना पाहिले. त्यांचा आवाजही ऐकला.

"कुणाला सांगितलंस?"

अक्काने वर पाहिलं. दादांकडे नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे. तिथे मी उभी होते. एवढंसं पाहिलं, आणि मान वळवली.

"बोल! कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही," ती म्हणाली. तोंडात रक्त असल्यामुळे शब्द फुटत नव्हते.

मला "मी सांगितलं" एवढंच म्हणायचं होतं. माझ्या हातात तांदळाचं भांडं होतं. मी ते घट्ट धरून उभी राहिले. चाबूक पुन्हा बसला, मानेवर, पाठीवर, मग लाथा. अक्का हाता-गुडघ्यांवर रांगत माझ्या दिशेने आली. मला वाटलं, ती माझ्याकडे येते आहे, आता मला धरील, आता मला काहीतरी करावं लागेल. ती माझ्या पायांशेजारून आत गेली आणि खलातला बत्ता उचलून उभी राहिली. दादांनी हात उगारला होता. तिने बत्ता दोन्ही हातांनी फिरवला. मनगट मोडल्याचा आवाज झाला, चाबूक खाली पडला. दादा ओरडले नाहीत, नुसते मोडक्या हाताकडे पाहत राहिले. मग तिने पुन्हा एकदा घातला, त्याच जागी. पुढे बऱ्याच वर्षांनी ती म्हणाली होती, "पहिला घाव वाचण्यासाठी होता. दुसरा नव्हता."

बत्ता खाली ठेवून ती भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "कमल, टांगा बघ."

इस्पितळात तेच डॉक्टर होते. दादा म्हणाले, "जीने से गिर गया." अक्काच्या सुजलेल्या तोंडाकडे बघून डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. ती म्हणाली, "मैं भी." डॉक्टर आमच्या घरी येऊन गेले होते. घराला जिना नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मान खाली घालून प्लास्टर केलं.

बाजारात थट्टेने बोललं गेलं होतं ते आता खरं झालं. दादांचा उजवा हात गळ्यात. डाव्याने जेवणं म्हणजे त्यांच्या लेखी अमंगळ. अक्का वाटी-चमचा घेऊन समोर बसली. त्यांनी तोंड घट्ट मिटलं. संध्याकाळीही तेच. दुसरा दिवस तसाच, तिसराही. पाण्याशिवाय काही नाही. तिसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळी अक्का वाटी खाली ठेवून म्हणाली, आणि हे शब्द मी जसेच्या तसे सांगते आहे, "हाड जुळायला दूध-अंडी लागतात. मी खाऊ घालणार. हात बरा झाल्यावर पुन्हा उगारलात तर दुसरा मोडीन. आणि पुन्हा खाऊ घालीन."

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी तोंड उघडलं.

सहा आठवडे ती त्यांना भरवत होती. तिचं स्वतःचं तोंड असं सुजलेलं की तिला पोळी तोडता येत नव्हती, म्हणून ती त्यांच्याच पातेल्यातलं खायची. एक चमचा त्यांना, मग दुसऱ्या वाटीतून एक स्वतःला. दोघं एकमेकांकडे पाहत नसत. मी पाणी आणून ठेवत असे. पावसाळा सरून कचेऱ्या परत आल्या, आमचे हे आले. त्यांनी भावाचं वाकडं जुळलेलं मनगट पाहिलं, वहिनीचे पुढचे दोन दात गेलेले पाहिले. "काय झालं?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "पडले." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. आम्ही दोघं नवराबायको ह्या बाबतीत अगदी एकसारखे होतो.

दादांनी त्यानंतर हात उचलला नाही. पण हे काही सुखाचं झालं असं मी म्हणणार नाही. ते तिच्याशी बोलेनासे झाले. "मीठ कमी आहे" हे ते भिंतीला सांगत किंवा मला. जेवत मात्र सगळं, ताट स्वच्छ करून. हळूहळू छावनीतल्या बायका मागच्या दाराने अक्काकडे येऊ लागल्या. कुणाचा सासरा, कुणाची आई, दात नसलेली, पावावर आणि चहावर वाळत चाललेली. अक्का त्यांच्या घरी जाऊन पाटा मागायची आणि करून दाखवायची. म्हातारा असला तर आधी विचारायची, "मारता है?" बाई गप्प राहिली की म्हणायची, "खिलाओ. खिलाना तो है ही. पर ताकत आएगी, ये याद रखना."

पुढे राज्यांची पुनर्रचना झाली, मध्यभारत मोडून मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. कचेरीबरोबर आम्हीही गेलो. छावनीतली निम्मी मराठी घरं त्या वर्षी सामान बांधत होती. स्टेशनवर अक्का आली होती, सत्तूचा डबा घेऊन. गाडी सुटेपर्यंत मी "ते मीच" हे तीन-चारदा ओठांवर आणलं. गाडी सुटली. दादा गेले तेव्हा तिचं कार्ड आलं, चार ओळींचं. एक ओळ अशी होती: "शेवटपर्यंत वजन उतरू दिले नाही."

दोन वर्षांपूर्वी मी तिला भेटायला एकटीच ग्वाल्हेरला गेले. माझेही दात आता गेले आहेत, कवळी हिरड्या सोलते म्हणून डबीत असते. अक्का चुलीऐवजी गॅसपाशी उभी होती, पाठ ताठ. तिने माझ्यासाठी टिकिया केल्या होत्या. पाटा होत नाही म्हणून मिक्सरवर, पण चव तीच. मला पाटावर बसता येईना, म्हणून खुर्ची दिली. मी पहिला घास घ्यायच्या आधीच म्हणाले, कारण पुन्हा भेट होईल न होईल, "अक्का, तिवारीण चाचीला मी सांगितलं होतं. बुटांचंसुद्धा."

ती डाळ वाढत होती. डाव थांबला नाही.

"मला काय आज कळतंय?" ती म्हणाली. "मी अंगणातूनच पाहिलं ना तुझं तोंड."

"तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

"घेतलं असतं तर तुलाही मारलं असतं. त्याने माझे दात परत येणार होते का?" ती समोर बसली. मी रडायला लागले होते, म्हातारपणी येतं तसं, आवाज न होता. मी म्हटलं, "मला माफ करा, अक्का."

तिने डाव पातेल्यात ठेवला.

"सांगितलंस त्याचा राग नाही. पोर होतीस, बोललीस. पण मी रांगत आले तेव्हा तू तांदूळ धरून उभी होतीस. त्याचा राग आहे." मग म्हणाली, "अजून आहे, कमल. गेला नाही. मी वाट पाहिली जाण्याची, नाही गेला."

बाहेर सीमा कुणाला तरी हाका मारत होती. अक्काने माझ्या ताटाकडे पाहिलं. घास तसाच होता. तिने हात लांब करून टिकिया माझ्या ताटात आणखी एक ठेवली, वर तूप सोडलं, लिंबाची फोड पिळली.

"जेव," ती म्हणाली. "फार वाळली आहेस."

आणि माझं ताट संपेपर्यंत ती समोरून उठली नाही.